टिपणे : दख्खनच्या चिखलातले पक्षी आणि त्यांची चित्रे

मराठीतील 'टिपणे' हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. पाखरू दाणा टिपते, शिकारी ते पाखरू टिपतो, छायाचित्रकार त्याची छबी टिपतो आणि या सगळ्याची नोंद ठेवणारा माणूस टिपण काढतो. इंग्रजीतही बंदूक आणि कॅमेरा यांना एकच क्रियापद चालते, ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. परंतु दाणा, गोळी, चित्र आणि नोंद या चारही गोष्टींना एका धातूत बसवण्याची सोय आपल्याच भाषेत आहे. दख्खनच्या पाणथळींतील पक्ष्यांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास याच चार अर्थांच्या आधाराने सांगता येईल, असे आम्हाला वाटते. त्यांतला पहिला अर्थ पक्ष्यांचा आहे आणि तो फारसा बदललेला नाही. बाकीचे तीन माणसांचे आहेत.

किनारा म्हटला की आपल्याला समुद्र आठवतो. कबनूरच्या माणसाला 'किनाऱ्यावरचे पक्षी' असे म्हटले तर तो रत्नागिरीच्या दिशेने बोट दाखवील. वास्तविक टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या, तुतारी, पाणलावा, आर्ली ही सगळी मंडळी पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर जगणारी आहेत. ती पट्टी समुद्राची असो, तळ्याची असो की पंचगंगेची, त्यांना त्याचे काही नाही. या सर्वांना मिळून एक रूढ मराठी नाव नाही, हेही बोलके आहे. एकेकाला नाव आहे. त्यांच्या घराला मात्र 'चिखल' याखेरीज नाव नाही, आणि चिखल हा शब्द आपण कौतुकाने क्वचितच उच्चारतो. मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द दिले. चिखलाच्या वाट्याला असा शब्द यायचा राहून गेला.

दख्खनमधील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी बंदुकीने लिहिली गेली. विल्यम सायक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, लोक, पिके यांची मोजदाद करता करता त्याने पक्षीही मोजले आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे 'दख्खन'मधील पक्ष्यांची यादी ठेवली. मारलेल्या पक्ष्याच्या पोटात काय निघाले, हेही तो लिहून ठेवी. म्हणजे पक्ष्याने टिपलेला दाणा, त्याने टिपलेला पक्षी आणि त्याचे टिपण, असे तिन्ही अर्थ एकाच पानावर आलेले आहेत. पुढे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण शाळेत शिकतो तोच, याने 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवले. त्यात १८८१ साली बटलर याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव हा आपला सगळा टापू या 'दक्षिण मराठा मुलूख' नावात येतो. ह्यूमने जमवलेली कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या घरातील नमुने १८८५ साली ब्रिटिश म्युझियमकडे गेले.

या काळाला नुसता क्रूर म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. दुर्बिणी कमकुवत होत्या आणि तुलनेसाठी चित्रमय पुस्तके नव्हती. हिवाळ्यात सगळ्याच तुताऱ्या राखाडी-तपकिरी दिसतात. हातात घेतल्याशिवाय एक दुसरीपासून वेगळी ओळखणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. मात्र शास्त्रासाठी मारणे आणि मौजेसाठी मारणे यांतली रेघ कधीच स्पष्ट नव्हती. पाणलाव्याची शिकार हा गोऱ्या अधिकाऱ्यांचा हिवाळी छंद होता. हा पक्षी चिखलातून अचानक उडतो आणि नागमोडी वळणे घेत जातो, त्यामुळे त्याला गोळी लागणे हे नेमबाजाच्या कौशल्याचे प्रमाण मानले जाई. इंग्रजीत त्याला 'स्नाइप' म्हणतात. दडून अचूक नेम धरणाऱ्या सैनिकाला आज जगभर 'स्नायपर' म्हणतात, तो शब्द हिंदुस्थानातील याच शिकारीतून अठराव्या शतकात निघाला. आपल्या भाताच्या खाचरातला एक मुठीएवढा पक्षी असा युद्धशास्त्राच्या कोशात जाऊन बसला. संस्थानिकही मागे नव्हते. कोल्हापूर दरबारात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते आणि पुढेपुढे ते आफ्रिकेहून आणवले जात.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे जाणारी वाट सरळ नव्हती. कॅमेरा म्हटला की कोल्हापूरकराला पहिल्यांदा बाबूराव पेंटर आठवतात, आणि ते योग्यच आहे. या माणसाने १९१८च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवला. परंतु पक्ष्याचे चित्र घेणे हा निराळाच खटाटोप होता. काचेची पट्टी, मंद प्रकाशग्रहण आणि जड तिवई या सामग्रीने उडता किंवा चिखलात तुरुतुरु पळणारा पक्षी पकडणे जवळजवळ असंभव होते. पक्षी ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा परत येईल, अशी हमी वर्षातून काही आठवडेच आणि एकाच ठिकाणी मिळे : घरट्यावर. म्हणून हिंदुस्थानातील पक्षिछायाचित्रणाचा पहिला अध्याय हा घरट्यांचा अध्याय आहे. बेट्स आणि लोदर हे त्यातले दोन प्रमुख इंग्रज. लोदर यांचे या विषयावरचे पुस्तक १९४९ साली निघाले. घरट्याजवळ कापडाची राहुटी उभारायची, ती रोज थोडी थोडी पुढे सरकवायची आणि पक्ष्याला तिची सवय झाली की आत बसून वाट पाहायची, ही त्यांची रीत. सलीम अलींचे स्नेही, सिंगापूरचे धनाढ्य गृहस्थ लोक वान थो यांनीही याच चिकाटीने भारतात छायाचित्रे घेतली.

इतिहासाचा एक विनोद पाहा. त्या काळी घरट्यावरचे चित्र ही संयमाची खूण होती. बंदूक खाली ठेवल्याचा तो पुरावा होता. आज तेच चित्र निंद्य मानले जाते, आणि त्यालाही कारण आहे. लोदर एका हंगामात एका घरट्याजवळ एकटे बसत. आज एका घरट्याचा ठावठिकाणा भ्रमणध्वनीवरून संध्याकाळपर्यंत पन्नास जणांना कळतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे आणि त्यांना धक्का लावणे यांचाही समावेश आहे. भाषेच्या अभ्यासकाला ही व्याख्या विशेष वाटावी अशी आहे, कारण कायद्याने येथे 'टिपणे'चे दोन अर्थ पुन्हा जवळ आणून ठेवले. गोळी न झाडताही शिकार होऊ शकते.

येथवर माणसांच्या हातातल्या हत्याराची गोष्ट झाली. पक्ष्यांच्या दृष्टीने खरा इतिहास पाण्याचा आहे.

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळपास नाहीत. लोणारचे आहे, पण ते उल्केच्या आघाताने झालेले, म्हणजे अपवादाचाही अपवाद. काळ्या बसाल्टच्या या उताराच्या मुलखात पावसाळ्यात नद्या फुगतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात वाळूची बेटे, दगडी पट्टे आणि डोह उरतात. चिखलात जगणाऱ्या पक्ष्यांचे मूळ घर हेच. तलाव नंतरचे आहेत आणि ते माणसाने बांधले आहेत. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. उद्देश शेतीला पाणी देण्याचा होता. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, उथळ पाणी, गवत आणि चिखलाची बेटे तयार झाली. अभियंत्याच्या दृष्टीने जो बिघाड होता, तो पक्ष्यांच्या दृष्टीने वसाहतीचा पाया ठरला. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि भिगवणच्या बाजूला, जेथे कधी शेते होती तेथे, रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. ज्यांची जमीन बुडाली त्यांना या थव्यांचे काय वाटले असेल, हा प्रश्न आपल्या निसर्गलेखनाने फारसा विचारलेला नाही.

धरणाचा फुगवटा पक्ष्यांना का मानवतो, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो. दिवाळीनंतर कालव्यांतून पाणी सुटू लागते, पातळी हळूहळू उतरते आणि काठाला दररोज थोडा ओला, ताजा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात अळ्या, किडे, गांडुळे असतात. काठ मागे सरेल तसे पक्षी त्याच्यामागे सरकत जातात. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे उचलतो, तुतारी थोडे खोल टोचते, पाणलावा आपली लांब चोच मुळापर्यंत रोवतो, तर शेकाट्या गुडघाभर पाण्यात उभा राहून पृष्ठभागावरचे टिपतो. एका हातभर रुंदीच्या पट्टीत इतक्या जातींचा संसार चालतो, कारण प्रत्येकाच्या पायाचे आणि चोचीचे माप वेगळे आहे. पाण्याची पातळी स्थिर राहिली तर ही पट्टी वाळते किंवा तिच्यावर गवत माजते. म्हणजे या पक्ष्यांना पाणी हवे असते, त्याहून अधिक पाण्याचे ओसरणे हवे असते.

आता कोल्हापूरकडे वळू. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्राच्या कोणत्याही पाटबंधारे कार्यालयात ऐकू येते. दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवायचे, पावसाळा संपला की पाणी अडवायचे आणि पुढच्या पुराच्या आत बरगे काढून नदी मोकळी करायची, अशी ही साधी आणि बुद्धिमान योजना. मोठे धरण गाव बुडवते. हा बंधारा नदीच्या पात्रातच पाणी साठवतो. पंचगंगेवर असे बंधारे एकामागून एक आहेत. रुई, इचलकरंजी, तेरवाड ही नावे आमच्या भागात बसथांब्यांइतकी परिचित. कबनूर आणि इचलकरंजीची वस्ती आता एकमेकींत इतकी मिसळली आहे की कोठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, ते यंत्रमागांच्या आवाजावरून तरी ओळखता येत नाही. पलीकडे नदी आहे आणि सभोवार ऊस. या उसाला आणि त्यावर उभ्या राहिलेल्या साऱ्या समृद्धीला बंधाऱ्यांचा हातभार लागला आहे. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही.

पण त्यांचे वेळापत्रक पक्ष्यांच्या वेळापत्रकाच्या नेमके उलट आहे. उत्तरेकडून येणाऱ्या तुताऱ्या हिवाळ्यात येथे असतात. ओसरलेल्या नदीचा काठ त्यांना हवा, तर त्याच महिन्यांत बरगे चढवलेले असल्यामुळे पात्र काठोकाठ तुंबलेले. नदीसुरय, छोटा आर्ली आणि छोटा कंठेरी चिखल्या हे तर येथेच वाढणारे. ते साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पात्रातल्या उघड्या वाळूवर आणि गोट्यांत अंडी घालतात. त्यांना घरटे असे नसतेच. वाळूत एक खळगी, तिच्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी. ही बेटे आधीच बंधाऱ्यांच्या पाण्याखाली गेली, उरली ती वाळूउपशाने कमी केली. त्यातूनही कोठे एखादा उंचवटा शिल्लक राहिला तर एप्रिलमध्ये वरच्या धरणातून पाण्याचे आवर्तन सुटते आणि रात्रीतून हातभर पाणी चढते. उलट पाणी फार उतरले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री व गुरे तेथवर पोचतात. नदीसुरय हा एकेकाळी सर्वत्र दिसणारा पक्षी २०२० साली जागतिक यादीत 'संकटप्रवण' गटात गेला, त्यामागची कारणे अशी पात्रातच पडलेली आहेत.

'टिटवी देखील समुद्र आटवते' ही म्हण आपण जिद्दीचे उदाहरण म्हणून वापरतो. तिच्यामागची पंचतंत्रातील कथा मात्र जिद्दीची नाही. टिटवीच्या जोडप्याने काठावर अंडी घातली, समुद्राने ती ओढून नेली. मग पक्षी एकत्र आले, गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे गेला आणि विष्णूच्या धाकाने समुद्राने अंडी परत केली. काठावर घरटे करणाऱ्या पक्ष्याची खरी भीती चढत्या पाण्याची आहे, हे ज्या कथाकाराला ठाऊक होते त्याने टिटवी पाहिलेली असली पाहिजे. आणि टिटवीने स्वतः काही आटवले नाही. तिने तक्रार योग्य ठिकाणी पोचवली. आजच्या भाषेत तो अर्ज होता.

तो अर्ज आज कोणाकडे करायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९७१च्या रामसर कराराने पाणथळीची जी व्याख्या केली ती उदार आहे : नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, साचलेली असो वा वाहती. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. परंतु आपले स्वतःचे पाणथळ नियम २०१० साली आले तेव्हा त्यांतून मुख्य नदीपात्रे वगळली गेली. जलाशय आणि तलाव मात्र आत होते. २०१७ साली नवे नियम आले. त्यांनी नदीपात्रे आणि भातशेती वगळलीच, शिवाय पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जागाही व्याख्येबाहेर ठेवल्या. महाराष्ट्राच्या पठारावर याचा अर्थ काय होतो, ते पाहा. आमच्याकडे नदी आहे, ती वगळली. आमच्याकडे बंधारे आणि पाझर तलाव आहेत, ते सिंचनाचे म्हणून वगळले. उरले लोणार. गंगेच्या खोऱ्यातील झिलांसाठी ही व्याख्या कदाचित पुरेशी असेल, दख्खनसाठी ती जवळजवळ रिकामी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवलेल्या २,०१,५०३ पाणथळींना जुन्या नियमांच्या तत्त्वावर संरक्षण द्यावे असे सांगितले, हा आधार मोठा आहे; पण यादीत नाव असणे आणि काठावर भराव न पडणे यांत अंतर राहतेच. नांदूर मध्यमेश्वर वाचले ते पाणथळ म्हणून नव्हे, आधी अभयारण्य म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यात संरक्षणाचा नकाशा घाटाकडे झुकलेला आहे. दाजीपूरच्या गव्यांचे अभयारण्य १९५८चे, राज्यातील सर्वांत जुन्यांपैकी. गवा मोठा असतो, जंगल हिरवे असते. पूर्वेकडच्या सपाटीतला चिखल कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

कॅमेऱ्याचे काम येथून सुरू होते, किंवा व्हायला हवे. गेल्या वीस वर्षांत अंकीय कॅमेरे आणि लांब पल्ल्याची भिंगे गावोगाव पोचली. ज्या पक्ष्यासाठी लोदर आठवडा घालवत, तो आता एका सकाळी मिळतो. भिगवणला मच्छीमारांच्या होड्या पक्षिदर्शनाला निघू लागल्या, त्यांतून पैसा आला आणि पक्षी जिवंत असण्यात स्थानिकांचा हितसंबंध निर्माण झाला, ही चांगलीच गोष्ट. त्याच होड्या चांगल्या 'उड्डाणाच्या' चित्रासाठी थव्यात घुसवल्या जातात, हीही वस्तुस्थिती आहे. हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास समोर असलेला पक्षी हिवाळाभर चरबी साठवत असतो. त्याला पाच वेळा उडवले तर पाच वेळचे अन्न गेले.

चित्र खोटेही बोलते, हे अधिक महत्त्वाचे. शेकाट्याचे प्रतिबिंबासह सुरेख चित्र पाहून पाणी निर्मळ असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात सांडपाण्यात अळ्या भरपूर असल्याने शेकाट्या तेथे गर्दी करतो. पुण्याचे प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेचा अभ्यास करून १९८४ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचे शीर्षकच 'प्रदूषित नदीवरचे पक्षी' या अर्थाचे होते. पंचगंगेबाबत हे विशेष लक्षात ठेवावे लागते. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा पाण्यावर शेकाटे दिसणारच. त्यांची संख्या वाढणे ही आनंदवार्ता नसून लक्षण असू शकते. पाण्यात सूर मारून मासा टिपणारा नदीसुरय त्याच चौकटीत आहे की नाही, हे पाहायला हवे.

मात्र तेच चित्र नीट नोंदले तर पुरावा होते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३च्या अहवालाने ९४२ जातींचा आढावा घेतला तो हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून, आणि त्यात दूरवरून येणाऱ्या चिखलपक्ष्यांची घट स्पष्ट दिसली. पायात वळे किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी लांबूनच टिपला तर अक्षरे वाचता येतात. त्याला पुन्हा पकडावे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर राज्यातील पाणथळींत भराव घालण्यास मनाई केली. अशा आदेशाचा भंग दाखवायचा तर 'येथे पाणी होते आणि पक्षी होते' हे सिद्ध करावे लागते. तेथे सुंदर चित्र चालत नाही, दिनांकित चित्र चालते. पार्श्वभूमी धूसर केलेले तर मुळीच नाही, कारण न्यायालयाला पार्श्वभूमीच पाहायची असते.

पक्ष्याभोवतीचे सगळे विरघळवून टाकणारी धूसरता ही आजच्या पक्षिछायाचित्रणाची प्रतिष्ठा आहे. कंठेरी चिखल्या सोनेरी शून्यात उभा. हेच चित्र थोडे मागे सरकून घेतले तर बंधाऱ्याचा खांब, वीटभट्टीसाठी मातीची खोदाई, काठावर आलेला ऊस हे सगळे येते. स्पर्धेत ते बाद होईल, दप्तरी मात्र टिकेल. त्याच्याखाली जातीचे नाव आणि भिंगाचा क्रमांक तर असतोच. आमची मागणी एवढीच की दिनांक, बंधाऱ्याचे नाव, बरगे चढवलेले होते की काढलेले, आणि पाणी कोणत्या खांबाच्या कितव्या थरापर्यंत होते, हेही लिहावे. अंडी असतील तर मात्र जागा लिहू नये, आणि चित्रही घेऊ नये. पाच-दहा उन्हाळ्यांचे असे टिपण जमले तर आवर्तन कोणत्या आठवड्यात सोडल्याने कोणते बेट बुडते, ते पाटबंधारे खात्यापुढे तारखांसह ठेवता येईल. आवर्तन आठवडाभर अलीकडे घेणे उसाला जड जाते का, हे विचारायलाही तोवर काही आधार झालेला असेल.